गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

आमचा राजा जेवताना गुरगुरायचा. कुणी ताटलीजवळ आलं की खाणं थांबायचं, मान तशीच खाली, आणि घशातून बारीक घर्रर्र. घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याची ही सवय मोडली. गुरगुरला की दरडावायचं, ताटली काढून घ्यायची. एक-दोनदा पाठीत रपाटाही बसला. तीन महिन्यांत राजा गप्प झाला. कुत्रा सुधारला, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. मग एका दुपारी माझा सात वर्षांचा भाचा ताटलीपाशी घरंगळत गेलेला चेंडू उचलायला वाकला आणि राजानं त्याचा हात धरला. आधी कसलाही आवाज नाही. मनगटाच्या वर दोन खोल भोकं पडली. पोरगं रडलंसुद्धा नाही, नुसतं हाताकडे बघत उभं राहिलं.

दवाखान्यात आम्ही सांगितलं, 'अचानक चावला.' ते खरं नव्हतं. चावण्याआधी बजावून सांगायची त्याची जी रीत होती, ती आम्हीच मारून मारून बंद केली होती. पुढे जे लिहिलंय त्यातलं बरंचसं आम्ही त्या दुपारनंतर शिकलो. तुम्ही कुत्रा आणायच्या विचारात असाल, किंवा घरातल्या कुत्र्याची मनातून भीती वाटायला लागली असेल, तर ते आधीच वाचा.

आधी जातीचा वाद

कुत्रा चावल्याची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, कुठल्या जातीचा? ब्रिटननं १९९१ साली पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी घातली. २०२३ मध्ये एक्सएल बुली हा पाचवा प्रकार त्या यादीत घालावा लागला, आणि १ फेब्रुवारी २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सवलतीच्या प्रमाणपत्राशिवाय तो पाळणं गुन्हा झाला. नेदरलँड्सनं पिट बुलवरची बंदी पंधरा वर्षं राबवली आणि चावे कमी होत नाहीत हे पाहून २००८ मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं. भारतात मार्च २०२४ मध्ये केंद्रानं बंदी घालायच्या २३ जातींची यादी राज्यांना पाठवली. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. कॅनडातलं कॅल्गरी शहर वेगळ्या वाटेनं गेलं. तिथे जातीवर बंदी नाही. प्रत्येक कुत्र्याचा परवाना लागतो आणि कुत्र्यानं त्रास दिला तर मालकाला दंड बसतो.

माझं मत कॅल्गरीच्या बाजूचं आहे, आणि त्याला कारण आहे. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेला अभ्यास आला. एका कुत्र्याच्या स्वभावात आणि दुसऱ्याच्या स्वभावात जो फरक असतो, त्यातला सरासरी ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी २००० ते २००९ या काळातल्या, कुत्र्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्याच्या २५६ घटना एकेक करून तपासल्या. वेळेवर मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं, अशा घटना ८७ टक्के. नसबंदी न केलेले कुत्रे ८४ टक्के. घरातल्या माणसांपासून लांब, अंगणात किंवा साखळीला ठेवलेले ७६ टक्के. आणि कुत्र्याची जात खात्रीनं सांगता आली ती जेमतेम १८ टक्के घटनांत.

तरीही 'जातीनं काही फरक पडत नाही' असं मी म्हणणार नाही. पाच किलोचा कुत्रा चावला तर ओरखडा येतो, पन्नास किलोचा चावला तर हाड मोडतं. चावण्याची शक्यता सारखी असली तरी परिणाम सारखा नसतो. दांडगा कुत्रा आणणाऱ्यानं पुढची प्रत्येक गोष्ट दुप्पट काटेकोरपणे पाळायला हवी, आणि त्याची तयारी नसेल तर तो कुत्रा आणू नये. शेजाऱ्यांना वाटणारी भीती हा त्यांचा बावळटपणा नाही. तुमच्या कुत्र्याला ते ओळखत नाहीत, एवढंच.

आणण्याआधी

दहा-बारा वर्षांचा संसार आहे हा. रोज दोनदा फिरवायला कोण नेणार, आजारपणात कोण थांबणार, गावाला गेलात तर कुठे ठेवणार, हे घरात बसून आधी बोलून घ्या. राखणीसाठी कुत्रा आणून मागच्या दारी बांधून ठेवायचा बेत असेल तर तो सोडून द्या. वर दिलेला ७६ टक्क्यांचा आकडा अशाच कुत्र्यांचा आहे. बांधलेल्या कुत्र्याला पळून जाता येत नाही. घाबरला तर पुढे येऊन चावणं एवढीच वाट त्याला उरते.

पिल्लू घेताना त्याची आई बघायला मागा. आई माणसांना पाहून कोपऱ्यात दडत असेल किंवा अंगावर येत असेल, तर पिल्लं कितीही गोंडस असोत, परत फिरा. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू केकाटतं आणि खेळ थांबतो. जबड्याचा जोर किती लावायचा, हे ते तिथेच शिकतं.

मोठा झालेला कुत्रा दत्तक घेत असाल तर एका भेटीत ठरवू नका. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जा, त्याला फिरवून आणा. आणि सरळ विचारा, 'कधी कुणाला चावलाय का? तेव्हा नेमकं काय झालं होतं?' उत्तर देणारा घुटमळला तर ते लक्षात ठेवा.

पहिले चौदा आठवडे

साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारं सताड उघडी असतात. या काळात जे निवांतपणे पाहिलं, ऐकलं, हुंगलं, ते जन्मभर 'आपलं' वाटतं. जे पाहिलंच नाही, त्याची पुढे भीती बसते. चिडक्या कुत्र्यांमधले बहुतेक जण मुळात घाबरट असतात.

अडचण अशी की लसीकरण याच काळात चालू असतं. ते सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं पूर्ण होतं, रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमाराला. तोवर घरातच कोंडावं का? नको. पिल्लाला कडेवर घेऊन बाहेर न्या. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं नुसते उभे राहा. छत्री उघडणारा माणूस, काठी टेकत चालणाऱ्या आजी, हेल्मेट घातलेला, दाढीवाला, पळणारी मुलं, मोटारसायकल, सगळं त्याला लांबून बघू दे. दर वेळी एक खाऊचा तुकडा. अनोळखी कुत्री जिथे फिरतात तिथली जमीन तेवढी टाळा.

जबरदस्ती मात्र करू नका. पिल्लू मागे सरतंय आणि तुम्ही 'अरे काही नाही होत' म्हणत त्याला पाहुण्याच्या मांडीवर ठेवताय, असं केलं की उलटच शिकतं. त्यानं स्वतःहून पुढं व्हायचं. नाही झालं, तर आज नाही.

चावण्याआधी काय काय होतं

प्रत्येक मालकानं हे पाठ करावं. घाबरलेला किंवा त्रासलेला कुत्रा आधी जांभई देतो, झोप आलेली नसताना. जिभेनं नाक चाटतो, समोर खायला काही नसताना. तोंड फिरवतो, पाठ वळवतो, एक पाय उचलून धरतो. डोक्याची दिशा तीच ठेवून डोळे फिरवतो, तेव्हा बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. मग कान मागे पडतात, शेपूट पायात जाते. त्यानंतर येतं ते सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं: कुत्रा थिजतो. खाता खाता, चालता चालता, क्षणभर पुतळ्यासारखा. मग गुरगुर, मग दात विचकणं, मग हवेतच घेतलेला चावा. सगळ्यात शेवटी खरा.

शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हा गैरसमज काढून टाका. अंग ताठ, शेपूट उंच आणि बारीक थरथरत हलतेय, तर हात पुढे करू नका. खूश कुत्र्याचं कंबरेपासूनचं अख्खं अंग हलतं.

म्हणून गुरगुरण्याला शिक्षा नाही. कुत्रा गुरगुरला की तुम्ही थांबायचं, दोन पावलं मागे यायचं आणि कशामुळे गुरगुरला ते टिपून ठेवायचं. मागे आलो तर तो शेफारेल, अशी भीती वाटते, आम्हालाही वाटायची. पण त्या क्षणी धडा शिकवायचा नसतो. धडा नंतर, तो शांत असताना.

ताटलीचा धडा

राजासोबत आम्ही हे नंतर केलं, आणि तेव्हा एका ट्रेनरची मदत घेतली. रीत साधी आहे. कुत्रा खात असताना तो जराही ताठत नाही इतक्या अंतरावरून जायचं. आमच्या बाबतीत ते बारा पावलं होतं. जाता जाता त्याच्या ताटलीतल्या खाण्यापेक्षा जास्त आवडीचा तुकडा, आमच्याकडे उकडलेलं चिकन, ताटलीच्या दिशेनं टाकायचा आणि न थांबता निघून जायचं. दिवसातून दोन जेवणं, प्रत्येक वेळी चार-पाचदा, एवढंच. आठवड्याभरानं पाऊलभर जवळ. कुत्रा पुन्हा थिजला तर आदल्या अंतरावर परत.

बारा पावलांवरून ताटलीपर्यंत यायला आम्हाला पावणेचार महिने लागले. माणूस जवळ येतो तो घ्यायला नाही, द्यायला येतो, हे त्याच्या मनात उतरायला तेवढा वेळ लागला. ज्या दिवशी पावलांचा आवाज ऐकून राजानं मान वर केली आणि शेपूट हलवत वाट बघितली, तो दिवस मला अजून आठवतो.

तोंडातली वस्तू सोडवायची तर अदलाबदल करा. जबडा फाकवून ओढलेली प्रत्येक चप्पल त्याला पुढच्या चपलेसाठी भांडायला शिकवते.

'त्याला कळलं पाहिजे मालक कोण आहे'

हे वाक्य आजही सल्ला म्हणून दिलं जातं. त्याचं मूळ १९४७ च्या एका अभ्यासात आहे. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका आवारात कोंडले होते आणि ते वर्चस्वासाठी भांडत होते. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातल्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये लिहिलं की लांडग्यांचा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. तरी कुत्र्याला उलथा पाडून दाबून धरायचं खूळ गेलं नाही.

२००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी, वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांना विचारलं की त्यांनी काय काय करून पाहिलं आणि कुत्र्यानं काय केलं. मारलं किंवा लाथ घातली, त्यांच्यापैकी ४३ टक्के मालकांचे कुत्रे उलट अंगावर आले. पाठीवर पाडून दाबलं, तिथे ३१ टक्के. नुसतं रोखून बघितलं तरी ३० टक्के. शॉक देणारे आणि काटेरी पट्टे यांबद्दल माझं मत याच कारणानं ठाम आहे. समोरून मूल येताना मानेत कळ गेली, तर कुत्रा ती कळ मुलाच्या नावावर लिहून ठेवतो.

बाहेर नेताना

दोरी दीड-दोन मीटरची, न ताणणारी. बटण दाबून लांब होणारी दोरी चिडक्या कुत्र्याला मुळीच नको. पाच मीटरवर असलेल्या कुत्र्यावर तुमचा काही ताबा नसतो. ओढणाऱ्याला छातीपाशी कडी असलेला हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, घाला. ज्याला कुत्रा धरवत नाही त्याच्या हातात दोरी देऊ नका, मग तो घरचा मुलगा असो की पगारी माणूस.

'माझा काही करत नाही' हे वाक्य विसरून जा. समोरच्यानं कुत्रा आखडून धरलाय, तो रस्ता ओलांडतोय, म्हणजे तो तुम्हाला काही सांगतोय. तुम्हीही आखडून धरा. लिफ्टमध्ये आधीपासून कुणी असेल तर पुढची लिफ्ट. जिन्याच्या वळणावर आवाज देऊन पुढे व्हा. दार उघडताना कुत्रा पायात घुटमळत असेल तर आधी तो आतल्या खोलीत, मग दार. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर, आणि जिथे नोंदणीचा नियम आहे तिथे नोंदणी वेळेवर.

मझलची लाज वाटू देऊ नका

मझल म्हणजे चावता येऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडाला लावतात ते आवरण. ते लावलेला कुत्रा दिसला की लोक त्याला गुन्हेगार समजतात. खरं तर त्याचा मालक विचार करणारा असतो. दवाखाना, गर्दी, प्रवास अशा वेळांसाठी प्रत्येक कुत्र्याला, अगदी गरीब स्वभावाच्यालासुद्धा, ही सवय लावावी. दुखत असताना कुठलाही कुत्रा चावू शकतो.

जाळीची, टोपलीसारखी मझल घ्या. तिच्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत आणि पाणी पिता आलं पाहिजे. कुत्र्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर जाते. म्हणून तोंड आवळून धरणारी कापडी पट्टी तपासणीच्या दोन-चार मिनिटांपुरतीच. ती बांधून फिरायला नेणं धोक्याचं आहे.

पहिले काही दिवस मझल वाडग्यासारखी हातात धरा आणि तिच्यातून खाऊ द्या. कुत्र्यानं आपणहून तोंड आत घालायचं, आपण मझल तोंडावर ढकलायची नाही. मग आतल्या बाजूला काही चाटण्यासारखं लावा, म्हणजे तोंड जास्त वेळ आत राहील. ते जमलं की पट्टा मानेमागे नुसता टेकवा आणि काढा. मग लावा, तीन सेकंद. मग दहा. मग घरातल्या घरात चार पावलं. पंजानं ओरबाडायला लागला तर तुम्ही घाई केलीत, एक टप्पा मागे या. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्रे मझल दिसली की फिरायला जायचं म्हणून नाचायला लागतात.

घरात मूल असेल तर

लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत असतील तर मोठ्या माणसाचं लक्ष हवं. लक्ष म्हणजे लक्ष, फोन बघत शेजारी बसणं नव्हे. तेवढं जमणार नसेल तर मध्ये दार किंवा जाळीचं फाटक. कुत्र्याला झोपायची एक जागा अशी हवी की तिथे मुलानं जायचंच नाही. झोपलेल्या, खाणाऱ्या, पिल्लं असलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, गळ्यात पडायचं नाही, तोंडाला तोंड न्यायचं नाही. मिठी हे आपलं प्रेम आहे. कुत्र्याला ती अडकल्यासारखी वाटते. मूल मिठी मारतंय आणि कुत्रा जांभई देतोय, असा फोटो घरोघरी सापडतो. त्यातल्या कुत्र्याचं तोंड जरा नीट बघा.

स्वभाव अचानक बदलला तर

ट्रेनरआधी पशुवैद्य. कान पिकलेला असतो, दात किडलेला असतो, मांडीचा सांधा झिजलेला असतो, म्हाताऱ्या कुत्र्याला दिसेनासं झालेलं असतं. पाठीवर हात फिरवला की चावायला येणाऱ्या कित्येक कुत्र्यांची पाठच दुखत असते. नसबंदीनं नराचं भटकणं आणि इतर नरांशी भांडणं कमी होऊ शकतं. भीतीपोटी चावणारा कुत्रा तेवढ्यानं बरा होत नाही. वय किती असावं, हे तुमच्या पशुवैद्याशी बोलून ठरवा.

चावलाच तर

१. कुत्रा दुसऱ्या खोलीत, दार बंद. त्याला मारत बसू नका, जखमी माणसाकडे या.

२. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू जखमेतच कमी करायची ही पहिली संधी असते. जखमेवर काही चोपडू नका.

३. त्याच दिवशी दवाखाना. कुत्र्याला लस दिलेली असली तरी रेबीजची लस घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन, लागू शकतं, त्याबद्दल विचारा. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडूनच येतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

४. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. तो तेवढे दिवस धडधाकट राहिला तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानतात. पण म्हणून लस दहा दिवस थांबवून ठेवायची नाही.

चावा शेजाऱ्याला लागला असेल तर कुत्र्याच्या लसीचा कागद घेऊन स्वतः त्यांच्या दारात जा. उपचाराचा खर्च उचला. 'तुमच्याच मुलानं खोडी काढली' हे त्या दिवशी बोलू नका, खरं असलं तरी.

मग चावा किती खोल होता ते नीट पाहा. पशुवैद्य इयन डनबार यांनी चाव्यांची सहा पातळ्यांची मोजपट्टी केली आहे. दात लागला पण कातडी फुटली नाही, तिथे सुधारायला पुष्कळ वाव असतो. सुळा अर्ध्याहून जास्त आत गेला असेल, धरून झटकलं असेल, किंवा एकाच वेळी अनेकदा चावला असेल, तर गोष्ट गंभीर आहे आणि ती जाणकाराशिवाय हाताळू नये. काही थोडे कुत्रे असे असतात की सगळं करूनही त्यांच्यासोबत राहणं कुणासाठीच सुरक्षित नसतं, आणि मग पशुवैद्यासोबत बसून शेवटचा निर्णय घ्यावा लागतो. तो घेणाऱ्या माणसाला मी कधीच नावं ठेवणार नाही. चावल्याचं लपवून कुत्रा दुसऱ्याच्या गळ्यात मारणारा मात्र पुढच्या चाव्याचा वाटेकरी असतो. रात्री गाडीतून लांब नेऊन सोडणाराही.

राजा आमच्याकडेच राहिला. तो जेवत असताना स्वयंपाकघराला फाटक लागायचं, आणि भाचा आला की बाहेर मझल. ताटलीचा धडा सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. एका रात्री तो दाराशी झोपला होता आणि अंधारात माझा पाय त्याच्या पंजावर पडला. राजा उठून बसला, माझ्याकडे बघितलं आणि घशातून बारीक घर्रर्र केलं. मी दोन पावलं मागे आलो. त्यानं पंजा चाटला आणि पुन्हा आडवा झाला.